जकात नसलेली दालने : जागतिक प्रदर्शने आणि खुल्या व्यापाराचा वाद

जुनेपान (धागाकर्ता)

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे १८५१ रोजी उघडलेल्या महाप्रदर्शनाचा उल्लेख ‘खुल्या व्यापाराचे मंदिर’ असा करण्याची प्रथा आहे, आणि तारखा ओळीने मांडल्या तर ती प्रथा पटतेही. परदेशी धान्यावर जकात बसवणारे कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, परदेशी जहाजांची वाट अडवणारे नौकानयन कायदे १८४९ मध्ये गेले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जगभरच्या मालासाठी काचेचा महाल उभा राहिला. धान्यकायदे रद्द करण्यासाठी आपले पंतप्रधानपद आणि पक्ष दोन्ही पणाला लावणारे सर रॉबर्ट पील या प्रदर्शनाच्या राजनियुक्त आयोगावर होते; धान्यकायद्यांविरुद्धच्या चळवळीचे पुढारी रिचर्ड कॉब्डेनही होते. पील २९ जून १८५० रोजी आयोगाच्या बैठकीला गेले, त्याच दिवशी घोड्यावरून पडले आणि २ जुलैला वारले.

खुद्द इमारतसुद्धा करकपातीचे अपत्य म्हणता येईल. जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यात सुमारे दोन लाख त्र्याण्णव हजार तावदाने होती आणि काचेवरचा अबकारी कर पील यांनी १८४५ मध्ये उठवला नसता, तर एवढ्या काचेचा विचार कोणी कागदावरही केला नसता.

तरीही दोन गोष्टी मला अडतात. पहिली अशी की, आयोगाने ‘खुला व्यापार’ हे शब्द शक्यतो तोंडी येऊ दिले नाहीत, कारण वर्गणी शेतमालक सरदारांकडूनही हवी होती आणि त्यांतले पुष्कळ जण धान्यकायद्यांच्या जखमा चाटत बसलेले होते. दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. खुल्या व्यापाराचा सगळा युक्तिवाद स्वस्ताईवर उभा होता, आणि या प्रदर्शनात मांडलेल्या मालावर किंमत लिहिण्यास मनाई होती. साठ लाख वेळा माणसे दारातून आत गेली, सुमारे एक लाख वस्तूंपुढून फिरली, आणि कोणती वस्तू कोणापेक्षा स्वस्त आहे हे त्यांना चिठ्ठी वाचून कळण्याची सोय नव्हती.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की, या प्रदर्शनांनी लोकांना खरोखर खुल्या व्यापाराकडे वळवले काय? माझे स्वतःचे मत असे बनत चालले आहे की, प्रदर्शनाने कोणाचे मत बदलले नाही. त्याने फक्त प्रत्येक देशाच्या हाती एक मोजपट्टी दिली. आपण पुढे आहोत असे ज्याला दिसले त्याने दारे उघडण्याचा आग्रह धरला, आणि आपण मागे आहोत असे ज्याला दिसले त्याने कडी लावली. जाणकारांनी हे मत तपासून पाहावे.

चिकित्सक

धागा उत्तम आहे, पण आरंभ लंडनपासून करणे मला पुरेसे वाटत नाही. औद्योगिक प्रदर्शन ही मूळची फ्रेंच कल्पना आहे आणि तिचा जन्म उघडउघड शत्रुत्वातून झालेला आहे. पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानावर १७९८ मध्ये पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले तेव्हा फ्रान्सचे इंग्लंडशी युद्ध चालू होते, आणि इंग्रजी उद्योगाला सर्वांत जबर तडाखा देणाऱ्या कारखानदाराला सुवर्णपदक देण्याची भाषा तेव्हाचे गृहमंत्री फ्रांस्वा द नफ्शातो यांनी केली होती. पुढच्या पन्नास वर्षांत अशी एकूण अकरा राष्ट्रीय प्रदर्शने भरली आणि एकातही परदेशी मालाला जागा नव्हती.

१८४९ मध्ये व्यापारमंत्री ब्युफे यांनी या वेळी परदेशीयांना बोलवावे काय, अशी विचारणा व्यापारी मंडळांकडे केली. उत्तर नकाराचे आले, आणि ते साहजिक होते. कारण त्या काळी फ्रान्समध्ये इंग्रजी सुती कापडासह कित्येक वस्तूंवर नुसती जकात नव्हती, सरळ आयातबंदीच होती. ज्या मालाला बंदरात उतरू द्यायचे नाही, तो राजधानीत सजवून का मांडायचा, ही त्यांची शंका तर्काला धरूनच होती. त्याच वर्षी इंग्लंडचे हेन्री कोल ते प्रदर्शन पाहायला पॅरिसला गेले, फ्रेंचांनी नाकारलेली कल्पना त्यांनी उचलली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती राजपुत्र आल्बर्ट यांच्या पाठबळाने ती लंडनमध्ये उभी केली. जकात किंवा बंदी घालून देशी उद्योग सांभाळू पाहणाऱ्या संरक्षणवाद्यांनी दार लावून घेतले आणि तीच कल्पना खुल्या व्यापाराच्या बाजूला आयती मिळाली, असा हा प्रकार आहे.

मात्र धागाकर्त्यांच्या ‘प्रदर्शनाने मत बदलले नाही’ या विधानाला एक तरी मोठा अपवाद मान्य करावा लागेल. १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन तिसऱ्या नेपोलियनने भरवले, त्यात परदेशी मालाला प्रवेश होता, आणि एरवी बंदी असलेला माल प्रदर्शनापुरता मर्यादित जकात भरून विकण्याची सवलतही होती. आकाश कोसळले नाही, हे सम्राटाने आणि त्याचे सल्लागार मिशेल शव्हालिए यांनी पाहून ठेवले. पुढे याच शव्हालिए यांनी कॉब्डेन यांच्याशी बोलणी करून २३ जानेवारी १८६० चा इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार घडवून आणला. बंदी उठली, जकातीला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा आली, आणि त्या करारातील ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ या कलमाची (तिसऱ्या देशाला दिलेली सवलत करारातल्या देशालाही मिळावी, असे हे कलम) साखळी पुढे अर्ध्या युरोपभर पसरली.

अर्थात हे मतपरिवर्तन एका माणसाचे होते, हेही सांगितले पाहिजे. १८५२ नंतरच्या व्यवस्थेनुसार व्यापारी करार करण्याचा अधिकार सम्राटाकडे होता. कायदेमंडळाला विचारावे लागत असते, तर कारखानदारांनी तो हाणून पाडला असता.

ओसरी

एवढ्या गंभीर चर्चेत कर्नल सिबथॉर्प यांची आठवण कोणी काढली नाही, म्हणून ही थोडी भर. लिंकनचे हे खासदार रेल्वेचेही विरोधक आणि परदेशी वस्तूंचे तर हाडवैरी. हाइड पार्कच्या आसपास राहणाऱ्यांनी आपले चांदीचे काटे-चमचे सांभाळावेत असे त्यांनी भर संसदेत बजावले होते, आणि हे प्रदर्शन गारपिटीने किंवा विजेने नष्ट व्हावे अशी इच्छा व्यक्त करायलाही ते कचरले नाहीत. लोक त्यांना हसले. परदेशी माल देशी मालाच्या शेजारी मांडला की देशी कारागिराची भाकरी जाते, हा त्यांचा मुद्दा मात्र पुढच्या पन्नास वर्षांत निम्म्या जगाच्या संसदांमध्ये बराच सभ्य भाषेत मांडला गेला.

खडूपाटी

धागाकर्त्यांची मोजपट्टीची उपमा आकर्षक आहे, पण ती फिलाडेल्फियात तुटते, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेने स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन १० मे ते १० नोव्हेंबर १८७६ या काळात भरवले, तेही पेनसिल्व्हेनिया राज्यात, म्हणजे अमेरिकी संरक्षणवादाच्या माहेरघरी. लोखंड आणि कोळशाचे हे राज्य. संरक्षक जकातीचे सर्वांत मोठे अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री केरी याच शहरातले आणि तेव्हा हयात होते. यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर १८६१ मध्ये आलेल्या मॉरिल कायद्याने वाढवलेली जकात युद्ध संपल्यावरही उतरली नव्हती. सुमारे एक कोटी भेटींच्या त्या प्रदर्शनात सगळ्यांच्या नजरा खिळल्या त्या चौदाशे अश्वशक्तीच्या कॉर्लिस इंजिनावर. यंत्रांत आपण कोणाच्या मागे नाही, हे अमेरिकेला तिथे स्पष्ट दिसले. तुमच्या नियमाप्रमाणे तिने दारे उघडायला हवी होती. तिने १८९० मध्ये मॅकिन्ली कायदा करून जकात सरासरी ५० टक्क्यांच्या जवळपास नेली आणि तीन वर्षांनी शिकागोला साऱ्या जगाला पाहुणचारासाठी बोलावले! आमचा माल तुम्ही विकत घेणार नसाल तर तो आम्ही तिथवर आणून मांडायचा कशाला, असे युरोपातील कारखानदारांनी विचारले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

त्याच फिलाडेल्फियाची दुसरी बाजू जर्मनीची आहे. जर्मन विभागाचे प्रतिनिधी फ्रान्झ रूलो यांनी तिथून मायदेशी लिहिलेल्या पत्रांत आपल्या देशाच्या मालाचे वर्णन ‘स्वस्त आणि वाईट’ या दोन शब्दांत केले. रूलो हे यंत्रशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांचा रोख मालाच्या दर्जावर होता, किमतीऐवजी गुणांवर स्पर्धा करा असे ते सांगत होते. पत्रे छापली गेली आणि देशभर गदारोळ उडाला. आता योगायोग पाहा : जर्मनीने लोखंडावरची उरलीसुरली जकात १ जानेवारी १८७७ पासून काढून टाकण्याचे आधीच ठरवले होते. १८७३ च्या मंदीने कारखाने बेजार, वर ही नाचक्की. खुल्या व्यापारवाद्यांनी म्हटले की संरक्षणाच्या उबेत राहूनच माल असा झाला. संरक्षणवाद्यांनी म्हटले की परदेशी मालाशी किमतीत झुंजता झुंजता माल असा झाला. १८७९ मध्ये बिस्मार्कने लोखंड आणि धान्य या दोहोंवर जकात बसवली. एकाच मोजपट्टीवर दोघांनी दोन आकडे वाचले. मग ती मोजपट्टी कसली?

अवांतर : १८७३ चे व्हिएन्नाचे प्रदर्शन १ मे रोजी उघडले आणि ९ मे रोजी तिथला शेअरबाजार कोसळला. दोन कोटी पाहुण्यांची अपेक्षा होती, आले सुमारे बहात्तर लाख, त्यात कॉलऱ्याची साथ. जागतिक प्रदर्शनाने समृद्धी येते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

बंदरावरचा

माझा इतिहासाचा अभ्यास नाही. मी आयुष्यभर मुंबईत कस्टम क्लिअरिंगचे काम केले. पण वरची चर्चा वाचताना एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे.

फिलाडेल्फिया आणि शिकागो या दोन्ही ठिकाणी अमेरिकेने कायदा करून प्रदर्शनासाठी येणारा परदेशी माल जकातीशिवाय आत घेतला. माल पाहायचा असेल तर कर नाही. तो तिथेच विकला आणि देशात राहिला, तर माल आला त्या दिवशीच्या दराने पूर्ण जकात. आमच्या भाषेत सांगायचे तर सगळे प्रदर्शनच एक बाँडेड गोदाम, म्हणजे जकात भरण्याआधी माल ठेवायची जागा, होते. छताखाली उभ्या असलेल्या यंत्राने कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेत पाऊल ठेवलेलेच नव्हते.

आजही हीच पद्धत चालते. प्रदर्शनासाठी तात्पुरता आणलेला माल ‘कार्ने’ नावाच्या कागदपत्रांवर येतो, १९६१ च्या ब्रसेल्स करारानुसार. आपल्याकडे त्याची हमी फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना घेते. मुदतीत माल परत गेला तर शुल्क नाही. परत जाताना पेटीतला एक नमुना जरी कमी भरला तरी त्याचे शुल्क मोजावे लागते. एका प्रदर्शनानंतर परदेशी पाहुण्याने हौसेने एक छोटे हत्यार कोणाला तरी भेट दिले होते, आणि त्या भेटीपायी आम्ही दोन दिवस कागद रंगवत बसलो होतो.

माझ्या अल्पमतीला वाटते ते असे की, प्रदर्शन भरवणारा देश खुल्या व्यापाराचा असो वा संरक्षणाचा, दालनाच्या आत मात्र जकात नसते. ज्या जगात लोक फिरून येतात ते जग फाटकाबाहेर कुठेच नसते. मग तिथे पाहिलेल्यावरून फाटकाबाहेरचे धोरण ठरवणाऱ्यांचे एकमत व्हावे कसे?

जुनेपान

बंदरावरचा यांच्या प्रतिसादाने माझ्या मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले आहे, त्याबद्दल मनापासून आभार. किमती लिहिण्याची मनाई आणि जकात नसलेले दालन या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, तर प्रेक्षकाला माल दिसे पण व्यवहार दिसत नसे, असे म्हणावे लागेल.

खडूपाटी यांचा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. पुढारलेल्या देशाने लगेच दारे उघडली, असे मी म्हणायला नको होते. मधे बराच काळ जातो आणि वाढलेल्या जकातीवर पोसलेले हितसंबंध वाटेत उभे असतात. पण अमेरिकेची गोष्ट शिकागोला संपत नाही. ज्यांच्या नावाने १८९० चा कायदा ओळखला जातो तेच विल्यम मॅकिन्ली पुढे अध्यक्ष झाले, त्यांच्याच कारकिर्दीत १८९७ च्या डिंग्ली कायद्याने जकात पुन्हा चढली, आणि तेच मॅकिन्ली ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या अखिल अमेरिकी प्रदर्शनात भाषणाला उभे राहिले. प्रदर्शने ही प्रगतीची वेळ दाखवणारी घड्याळे आहेत, असे त्यांनी सुरुवातीला म्हटले. पुढे त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना पचणारे नव्हते : अलिप्ततेचा काळ संपला आहे, आपण कायम सर्व काही विकत राहू आणि विकत मात्र काहीच घेणार नाही या भ्रमात राहता येणार नाही, व्यापारी युद्धे फायद्याची नसतात, परस्पर सवलतींचे करार हेच काळाला धरून आहेत.

कारखान्यांतून निघणारा माल देशात खपेना, तेव्हा संरक्षणाच्या पुरस्कर्त्याला बाहेरची गिऱ्हाइके आठवली. याला मी मोजपट्टीच म्हणतो, फक्त ती वाचायला अमेरिकेला पंचवीस वर्षे लागली. दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनाच्या संगीतगृहात हस्तांदोलनाच्या रांगेतल्या मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १४ सप्टेंबरला ते गेले. त्यांच्या प्रतिनिधीने वाटाघाटी करून ठेवलेले सवलतींचे करार सिनेटमध्ये मंजुरीवाचून पडून राहिले. भाषणाने जकात कमी झाली नाही, हे खडूपाटी यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

गिरणगावकर

इथपर्यंतच्या सगळ्या चर्चेत देशांनी ‘ठरवले’ असे क्रियापद येत आहे. ज्याला ठरवताच येत नव्हते, त्याचे काय?

१८५१ च्या काचमहालात हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीने मांडला होता. कोहिनूर होता, हौद्यासह हत्ती होता. हत्ती मात्र इंग्लंडमधल्याच एका संग्रहालयातून आणलेला, पेंढा भरलेला. आमच्या विणकामाच्या रंगसंगतीचे परीक्षकांनी आणि चित्रकलेच्या जाणकारांनी तोंड भरून कौतुक केले. कौतुक ज्या कापडाचे झाले त्याचा परदेशी बाजार तोवर मँचेस्टरच्या कापडगिरण्यांनी बळकावलेला होता, आणि देशी बाजारही वेगाने जात होता.

मुंबईकरांना ओळखीचा एक दुवा इथे आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांच्या जादा प्रती मुंबईत ठेवून संग्रहालय करावे, ही कल्पना तेव्हा निघाली. राणीच्या बागेतले आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, जे १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, त्याचे मूळ या संग्रहात आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथली मातीची माणसे आणि गलबते पाहत हिंडलो. ती व्यापाऱ्याला दाखवायच्या नमुन्यांची पेढी म्हणून सुरू झाली होती, हे फार उशिरा कळले.

याहून बोलके उदाहरण जॉन फोर्ब्स वॉटसन यांचे आहे. हे मुंबईत डॉक्टर म्हणून राहिलेले, पुढे लंडनला इंडिया ऑफिसात हिंदुस्थानच्या उत्पादनांचे अधिकारी झाले आणि अनेक प्रदर्शनांतले हिंदी विभाग त्यांनीच मांडले. प्रदर्शन सहा महिन्यांत संपते ही अडचण त्यांनी १८६६ मध्ये सोडवली. हिंदुस्थानी कापडाचे ७०० खरे तुकडे कापून, चिकटवून त्यांनी अठरा खंडांचा संच तयार केला. असे वीस संच झाले. तेरा ब्रिटनमध्ये आणि सात हिंदुस्थानात ठेवले. लुगड्याची लांबी किती, धोतराचा काठ कुठे येतो, पागोट्याला पन्हा किती लागतो, हे सगळे इंग्रज कारखानदाराला गावातल्या ग्रंथालयात बसून कळावे, हा उद्देश त्यांनी लपवलेला नव्हता. खुल्या व्यापाराचे समर्थक या संचाला ज्ञानाची देवघेव म्हणतील. मला तो गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप शेजारच्या शिंप्याला देण्याचा प्रकार वाटतो.

चिकित्सक

गिरणगावकर यांचा मुद्दा रास्त आहे. एक प्रश्न विचारतो : न्यायमूर्ती रानडे यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट यांचा संरक्षणवाद उचलला असे सरसकट लिहिले जाते. ते तसेच होते काय?

गिरणगावकर

उचलला, पण जसाच्या तसा नाही. लिस्ट यांचे म्हणणे असे की, इंग्लंड स्वतः जकातीच्या शिडीने वर चढले आणि आता इतरांना शिडी नको म्हणून सांगते. कोवळ्या उद्योगांना वाढेपर्यंत कुंपण हवे. रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, त्यात त्यांनी लिस्ट यांचा आधार घेऊन इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशकाळांना लागू पडतात हे नाकारले. पण कुंपण घालण्याचा अधिकार लिस्ट ज्यांच्याकडे मागत होते ती जर्मन सरकारे होती. रानडे ज्यांच्याकडे मागणार ते सरकार लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या कापडगिरण्यांच्या परगण्यातल्या, मतांवर अवलंबून होते. म्हणून १८९० च्या पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत त्यांचा भर जकातीवर नाही. उद्योगांना कमी व्याजाने भांडवल कसे मिळेल, यावर ते बोलतात आणि त्यासाठी जावामधील डच सरकारच्या पद्धतीचा दाखला देतात. ती डच पद्धत तिथल्या शेतकऱ्याला किती जाचक होती, याकडे त्यांनी पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते. मागायचे ते मिळण्याजोगेच मागावे, हा त्यांचा स्वभाव होता, आणि त्यामुळेच टिळकांच्या पिढीला ते मवाळ वाटले.

ती पिढी अधीर का झाली, हे १८९६ च्या कायद्यावरून कळते. सरकारला पैशांची चणचण होती म्हणून १८९४ मध्ये विलायती कापडावर पाच टक्के आयात जकात बसली. मँचेस्टरने ओरड केली की यामुळे मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळते. तेव्हा खुल्या व्यापाराचे तत्त्व अबाधित राहावे म्हणून १८९६ मध्ये ती जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बरोबर साडेतीन टक्के अबकारी कर लावण्यात आला. विलायती कापडावरील बहिष्काराची हाक त्या वर्षी मुंबई-पुण्यात उठली, ती यातून. आयात जकात पुढे महायुद्धाच्या काळात वाढली. देशी कापडावरचा तो कर मात्र १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिला.